फाटलेला समुद्र

बाबांची ट्रंक उघडली की घरभर आधी परदेशी साबणाचा वास सुटायचा. मग एकेक वस्तू बाहेर यायची. टॉर्च, नायलॉनची दोरी, आईसाठी सेंटची बाटली, आम्हा भावंडांसाठी चॉकलेटचा डबा. बाबा बोटीवर सुकाणी होते. आमच्या हर्णैच्या बाजूला घराघरांत कोणी ना कोणी बोटीवर असायचं, त्यामुळे नऊ-दहा महिन्यांनी उघडणारी ट्रंक हा वाडीतला सणच. १९८५ च्या मे महिन्यात ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक भलंमोठं पुस्तक निघालं. न्यू ऑर्लीन्सला धान्य भरायला बोट अडकून पडली होती. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात बाबांनी ते एका डॉलरला घेतलं होतं. 'गूड्स वर्ल्ड ॲटलास'.

मी तेव्हा सहावीतून सातवीत गेले होते. शाळेचा आमचा ॲटलास पातळ, त्याचे रंग रेषांच्या बाहेर सरकलेले. हा मात्र मांडीवर धरला की मांडी अवघडायची. कोपरे झिजलेले, पुठ्ठ्याच्या आत कुणा अमेरिकन विद्यार्थ्याने पेनाने काढलेली विमानं. शेवटी शंभरेक पानांची बारीक टायपातली सूची, आणि तिची एक खुबी अशी की गावाच्या नावापुढे त्याचा उच्चारही दिलेला. हर्णै त्यात नव्हतं, दापोलीही नव्हती. रत्नागिरी होती. त्या एका ओळीवर मी किती वेळा बोट ठेवलं असेल, सांगता येणार नाही.

पण मला आज लिहायचंय ते जगाच्या नकाशाबद्दल. त्या ॲटलासातला जगाचा नकाशा फाटका होता. कागद नव्हे, नकाशाच. वर दोन मोठ्या पाकळ्या, खाली चार, आणि मधे पांढऱ्या फटी. ज्वारीचा असो, पावसाचा असो की लोकसंख्येचा, दर नकाशा असाच चिरलेला. शाळेतला जगाचा नकाशा चौकोनी, भिंतीवर अंग पसरून बसलेला. तेव्हा हे काय, असं मी बाबांना विचारलं.

त्यांनी पुस्तक ओढून घेतलं. मॉरिशसवर बोट ठेवलं. त्याच फेरीत ते पोर्ट लुईहून ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला गेले होते. पोर्ट लुईत आपली मराठी माणसं भेटली, त्यांचे खापरपणजे कोकणातूनच गेलेले, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, हे सगळं त्यांनी पत्रात कळवलं होतं. मॉरिशसवरचं बोट पूर्वेकडे सरकलं आणि थोड्याच अंतरावर पांढऱ्या कागदावर आलं. समुद्र संपला. पलीकडच्या पाकळीवर समुद्र पुन्हा सुरू झाला तेव्हा ऑस्ट्रेलिया जवळ आला होता.

"हे बघ गो," बाबा म्हणाले, "इथून आमची बोट कशी जायची? समुद्र फाडून ठेवलाय ह्याने." आणि पुस्तक मिटलं. त्यांना खरोखर राग आला होता. ज्या पाण्यावर ते दहा दिवस आणि दहा रात्री चाक धरून उभे होते, ते कुणीतरी कात्रीने कापून टाकलं होतं.

हे कापणारा माणूस कोण, याचा शोध मला पुढे लागला, भूगोल शिकताना.

जॉन पॉल गूड. जन्म १८६२, अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य. तरुणपणी मूरहेडच्या अध्यापक विद्यालयात, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या संस्थेत ते शिकवत. नंतर शिकागो विद्यापीठात भूगोलाचे प्राध्यापक झाले. मला या माणसाबद्दल पहिल्यापासून आपुलकी वाटते ती तो आधी शिक्षक होता म्हणून. वर्गात नकाशा टांगायचा, मुलं त्याकडे बघत राहणार, बाई काय बोलतात ते विसरणार आणि नकाशा मात्र आयुष्यभर डोळ्यांसमोर राहणार, हे ज्याने शिकवलंय त्यालाच नीट ठाऊक असतं. गूड यांना शाळेच्या भिंतीवरचा तो चौकोनी नकाशा सलत होता, मर्केटर नावाच्या जुन्या नकाशाकाराच्या पद्धतीने काढलेला. १९०८ साली अमेरिकेतल्या भूगोलतज्ज्ञांच्या संघटनेत त्यांनी त्याविरुद्ध उघड आघाडी उघडली. त्यांच्या लेखी तो 'दुष्ट मर्केटर' होता.

मर्केटरचं गणित थोडक्यात असं. गोलावर रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना जवळजवळ येतात आणि ध्रुवावर मिळतात. मर्केटरने ती मिळूच दिली नाहीत, सरळ समांतर उभी केली. म्हणजे उत्तरेकडचा प्रदेश आडवा ताणला गेला. आकार बिघडू नये म्हणून त्याने तो तितकाच उभाही ताणला. ६० अंशांवर लांबी दुप्पट होते, म्हणजे क्षेत्र चौपट. ध्रुव तर त्या नकाशात कधी येतच नाही, कारण तिथवर ताण अमर्याद होतो.

वर्गात मी फिनलंडचं उदाहरण देते. फिनलंडचं क्षेत्रफळ सुमारे ३.३८ लाख चौरस किलोमीटर, आपल्या महाराष्ट्राचं ३.०७ लाख. उन्नीस-बीसचा फरक. पण मर्केटरच्या नकाशात फिनलंड महाराष्ट्राच्या पाचपटीहूनही मोठा दिसतो. ग्रीनलंड भारताच्या दोनतृतीयांश आहे, आफ्रिकेत तर असे चौदा ग्रीनलंड मावतील, पण भिंतीवर बघाल तर ग्रीनलंड आणि आफ्रिका भावंडं वाटतात. उष्ण पट्ट्यातले देश, म्हणजे आपण सगळे, त्या नकाशात अंग चोरून बसलेले असतो. पिढ्यान् पिढ्या मुलांनी हे बघितलं. कुणी त्यांना खोटं सांगितलं नव्हतं, फक्त चुकीचं चित्र समोर टांगलं होतं. मला यात जास्त नुकसान दिसतं, कारण सांगितलेलं खोटं निदान खोडता येतं.

गूड यांनी बरीच वर्षं यावर डोकं चालवलं. समक्षेत्र नकाशे, म्हणजे ज्यात क्षेत्रफळ खरं राहतं असे, त्यांच्याही आधी होते. मोलवाइडे नावाच्या जर्मन गणितज्ञाने १८०५ मध्ये सबंध पृथ्वी एका लंबवर्तुळात बसवली होती. पण त्यात मधला भाग चांगला आणि कडेचा भाग पिळवटलेला. मध्यावर जो खंड असेल त्याची चंगळ, बाकीच्यांचे हाल. गूड यांचा विचार इतका साधा होता की तो आधी कुणाला का सुचला नाही, असं वाटावं. प्रत्येक खंडाला त्याचा स्वतःचा मध्य द्यायचा. उत्तर अमेरिकेला एक मधलं रेखावृत्त, युरोप-आशियाला दुसरं, दक्षिण अमेरिकेला, आफ्रिकेला, ऑस्ट्रेलियाला वेगवेगळं. मग प्रत्येक खंड आपापल्या पाकळीच्या मधोमध येतो आणि सगळे बऱ्यापैकी धड दिसतात. याची किंमत म्हणजे पाकळ्यांमधल्या फटी, आणि त्या त्यांनी समुद्रात सोडल्या. १९१६ साली त्यांनी मोलवाइडेचा नकाशा असा चिरला. १९२३ मध्ये विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यासाठी वेगळं आणि वरच्या भागासाठी मोलवाइडेचं अशी दोन प्रक्षेपणं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायच्या दोन पद्धती, ४० अंश ४४ मिनिटांच्या अक्षवृत्तावर जोडून त्यांनी होमोलोसाइन प्रक्षेपण केलं. भिंगातून पाहिलंत तर त्या अक्षवृत्तावर, म्हणजे साधारण न्यूयॉर्कच्या रेषेत, रेखावृत्तं किंचित मोडलेली दिसतात. शिवणीची जागा. मला ती फार आवडते, शिंप्याने लपवली नाही म्हणून.

त्याच १९२३ साली शिकागोच्या रँड मॅकनॅली कंपनीने 'गूड्स स्कूल ॲटलास' छापला, अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांसाठी. ही कंपनी मूळची छापखानेवाली. विल्यम रँडने १८५६ मध्ये शिकागोत छापखाना काढला, नंतर अँड्र्यू मॅकनॅली आला, आणि दोघांनी रेल्वेची तिकिटं नि वेळापत्रकं छापून बस्तान बसवलं. १८७१ च्या प्रचंड आगीत शिकागो जळत असताना त्यांनी तिकिटं छापायची दोन यंत्रं मिशिगन सरोवराच्या वाळूत पुरून वाचवली, अशी हकिगत आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी पहिला नकाशा छापला, तोही रेल्वेच्या पुस्तकातच. प्रवाशांसाठी नकाशे काढणाऱ्या या घराने शाळेच्या मुलांसाठी कधी कुठे न जाणारा नकाशा छापावा, याचं मला अजून नवल वाटतं. गूड यांच्या नकाशावरून प्रवास करता येत नाही. तो बसून बघायचा नकाशा आहे.

आणि बघायला त्यात खूप होतं. शाळेच्या ॲटलासात आम्हाला देश आणि राजधान्या मिळत. इथे मात्र एकेका पिकाचा जगभराचा नकाशा होता, ठिपक्याठिपक्यांचा. कापसाच्या पानावर विदर्भ-खानदेशात ठिपके दाटून काळे झालेले. भाताच्या पानावर बंगाल तसाच. मी कोकणात वाढले, काळी जमीन तोवर पाहिली नव्हती. ती मला पहिल्यांदा भेटली शिकागोला छापलेल्या ठिपक्यांमधून. ठिपक्यांचा नकाशा समक्षेत्र असावाच लागतो, नाहीतर त्याला अर्थ नाही. जागा फुगली की ठिपके विरळ दिसतात, आक्रसली की दाट, मग खरं पीक कुठे जास्त हे कळणार कसं? गूड यांचा हट्ट कुठून आला हे मला त्या पानांवर समजलं. पीक, पाऊस, माणसं यांची तुलना मुलांना डोळ्यांनी करता यावी यासाठी जमीन खरीखुरी मोजलेली हवी होती.

गूड १९३२ मध्ये गेले. ॲटलास त्यांच्या नावाने चालत राहिला. विसाव्या शतकाच्या मध्यावर नावातला 'स्कूल' जाऊन 'वर्ल्ड' आला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या एडवर्ड एस्पनशेड यांनी अनेक दशकं त्याचं संपादन केलं. १९६३ मध्ये रँड मॅकनॅलीनेच नकाशातज्ज्ञ आर्थर रॉबिन्सन यांना एक नवं, न फाटलेलं प्रक्षेपण करायला सांगितलं. रॉबिन्सन यांनी आधी डोळ्यांना काय बरं दिसतं ते पाहिलं आणि मग त्याला आकड्यांत बसवलं. त्यात क्षेत्रही पूर्ण खरं नाही नि आकारही नाही, पण एकूण चित्र नजरेला सुखावतं. नंतरच्या आवृत्त्यांत ते गूड यांच्या पाकळ्यांच्या शेजारी येऊन बसलं. मला मात्र रॉबिन्सनचा नकाशा जरा मिळमिळीत वाटतो. कुणालाच न दुखावणाऱ्या माणसासारखा.

आता माझं एक गाऱ्हाणं, तेही गूड यांच्यावर जीव असल्यामुळेच. त्यांच्या उत्तरेकडच्या मोठ्या पाकळीत युरोप, आशिया आणि आफ्रिकेचा वरचा भाग एकत्र आहे. तिचं मधलं रेखावृत्त ३० अंश पूर्व, म्हणजे इजिप्तमधून जाणारं. भारत तिथून चाळीस-पन्नास अंश दूर. त्यामुळे क्षेत्रफळ अचूक असूनही आपला देश त्या नकाशात तिरका उभा आहे, कन्याकुमारी उजवीकडे ओढलेली, काश्मीर डावीकडे कललेला. जपान तर आणखीच वाकलेला. प्रत्येक खंडाला त्याचा मध्य देताना आशियाला मात्र युरोप-आफ्रिकेबरोबर एकाच खोलीत राहावं लागलं आणि खिडकी त्यांच्या वाट्याला गेली. आशियात एक चीर टाकली असती तर जमीन फाटली असती, हे मला कळतं. तरीही दरवर्षी ते पान उघडलं की मान आपोआप थोडी कलते.

दुसरी गोष्ट त्याहून जवळची. दक्षिण गोलार्धात तीन चिरा आहेत. पॅसिफिकमध्ये १०० अंश पश्चिम, अटलांटिकमध्ये २० अंश पश्चिम, आणि तिसरी ८० अंश पूर्व. हे ८० अंशांचं रेखावृत्त कोलंबोच्या जरा पूर्वेकडून जातं. म्हणजे श्रीलंकेच्या खाली, विषुववृत्त ओलांडलं की लगेच हिंदी महासागर फाटतो. बाबांचं बोट जिथे पांढऱ्यावर आलं, ती हीच चीर.

मी शिक्षिका झाले तेव्हा बाबा बोटीवरून कायमचे घरी आले होते. प्रक्षेपणाचा धडा घ्यायच्या आदल्या संध्याकाळी मी ओटीवर बसून संत्र्यावर मार्कर पेनने खंड काढत होते. नागपुरी संत्रं, सुटी साल. बाबा समोर झोपाळ्यावर. मी त्यांच्यासमोरच साल सोलली, वरच्या देठापासून विषुववृत्तापर्यंत आणि खालून पुन्हा वर, सुरीची टोकं समुद्रातूनच नेत. मग ती पाटावर दाबून सपाट केली. न फाडता साल कधीच सपाट होत नाही, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. कुठेतरी फाटणार किंवा कुठेतरी ताणली जाणार. मर्केटरने ताणली, गूड यांनी फाडली, आणि फाडताना जमीन राखली.

बाबांनी साल हातात घेतली, मागेपुढे केली. आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियामधल्या फटीत अंगठा घातला. मग त्यांनी मला बोटीवरचा नकाशा समजावला, पहिल्यांदाच इतक्या सविस्तर. सेकंड मेट, म्हणजे बोटीवरचा एक अधिकारी, चार्टवर पेन्सिलने सरळ रेषा ओढतो, तिचा कोन मोजतो आणि कोर्स सांगतो. पोर्ट लुई ते फ्रीमँटल, वन झीरो थ्री. सुकाण्याने कंपासवर १०३ अंश धरून ठेवायचं. रात्र असो, पाऊस असो, दिशा बदलत नाही. मर्केटरच्या नकाशावर एकच दिशा धरून केलेला सगळा प्रवास सरळ रेषेत येतो. दुसऱ्या कुठल्याही नकाशावर ती रेषा वाकते. "तुझा गूड माझ्या चाकापाशी काय कामाचा?" त्यांनी विचारलं, आणि लगेच स्वतःच म्हणाले, "पण तुझ्या वर्गात माझा चार्ट तरी काय कामाचा."

गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये आपला नकाशा छापला तेव्हा त्याच्या शीर्षकातच लिहिलं होतं की हा दर्यावर्दी लोकांच्या उपयोगासाठी आहे. त्याने कुणाला फसवलं नाही. बोटीचा नकाशा काढला आणि वर तसं स्पष्ट लिहिलं. ज्यांनी तो पुढे शाळेच्या भिंतीवर टांगला त्यांनी ते शीर्षक वाचलं नाही. गूड त्याला दुष्ट म्हणाले, ते मला आता पटत नाही. ओटीवरच्या त्या संध्याकाळनंतर पटेनासं झालं.

गंमत म्हणजे आज माझ्या वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी मर्केटर परत आलाय, फोनमध्ये. गूगल मॅप्स २००५ पासून त्याच पद्धतीच्या नकाशावर चालतो, कारण मुलं त्यात स्वतःची गल्ली शोधतात आणि गल्लीचा कोपरा काटकोनी असेल तर काटकोनीच दिसायला हवा. मर्केटर कोन राखतो. गल्लीपुरतं ते अगदी योग्य. पण बोटांनी चिमटा काढून नकाशा लहान लहान करत जगापर्यंत गेलं की ग्रीनलंड पुन्हा फुगतो. संगणकावर गूगलने २०१८ मध्ये दूरून बघताना गोल दाखवायला सुरुवात केली, तेव्हा मला फार बरं वाटलं. आणि गूड यांच्या पाकळ्या गेल्या नाहीत. उपग्रहांनी टिपलेली जंगलं, शेतं, वाळवंटं यांची जगभराची मोजदाद अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने त्याच चिरलेल्या नकाशावर ठेवली, कारण तिथे एक चौरस किलोमीटर सगळीकडे एक चौरस किलोमीटरच राहतो.

दरवर्षी दिवाळीनंतर संत्री आली की हा तास होतो. मुलं मार्करने हात रंगवतात, सगळ्यांच्या संत्र्यावर भारत जरा मोठाच निघतो, आणि अंटार्क्टिकाचे चार तुकडे झालेले पाहून हमखास कोणीतरी हळहळतं. मग मी बाबांचा ॲटलास उघडते. त्याची पाठ आता चिकटपट्टीने धरलेली आहे. सोव्हिएत संघ अजून एका रंगात पसरलाय, जर्मनी दोन आहेत. नवा घ्या, असं सहकारी सुचवतात. नव्या ॲटलासात राज्यं-देश बरोबर असतील, पण हे पान नसेल.

बाबा गेले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात हे पान मी वर्गात उघडलं, तेव्हा त्यावर एक पेन्सिलीची रेषा दिसली. आधी नव्हती. मॉरिशसपासून निघून चिरेच्या काठापर्यंत ती सलग जाते. मग पांढऱ्या कागदावर ठिपके, एकेक, समान अंतरावर, वहीत शिवणाचे टाके काढावेत तसे. पलीकडच्या पाकळीवर ती पुन्हा सलग होते आणि फ्रीमँटलला टेकते. शेजारी त्यांच्या ठसठशीत अक्षरात १०३. कधी काढली कोण जाणे. मी शाळेत असताना, दुपारी ओटीवर बसून काढली असावी.

यंदाच्या सातवीत एक मुलगा आहे, त्याचे वडीलही बोटीवर आहेत. तो बराच वेळ त्या ठिपक्यांकडे बघत राहिला. मग बोट न टेकवता, वरच्यावर फिरवत त्याने विचारलं, "बाई, हे एवढं जायला किती दिवस लागतात?"

"दहा," मी म्हटलं.